हजार परार्ध

पेचच्या बाजारात, महिन्याच्या पहिल्या रविवारी,
झिगमोंड नोटा मांडतो.
सुती हातमोजे, बोथट चिमटा,
दुधावरची साय उचलावी तशी एकेक नोट
प्लास्टिकच्या खिशातून बाहेर.

गिऱ्हाइकाला तो आधी शून्यं विचारतो.
आपल्याकडे एकं दहं शतं म्हणत
अब्ज, खर्व, निखर्व ओलांडून
जीभ जिथे दमते तो परार्ध.
या पंजाएवढ्या कागदावर त्याच्याही पुढची तीन शून्यं आहेत,
फक्त छापलेली नाहीत.
अक्षरांत दहा कोटी, पुढे एक ‘बी’, एक टिंब,
त्या टिंबामागे बारा शून्यं दडवलेली.
डोक्याला रुमाल बांधलेली बाई मात्र तीच,
आधीच्या नोटेवर होती ती.
रंग बदलला, आकड्याचं आडनाव बदललं,
तिला कुणी नवा रुमालही दिला नाही.

एतेल्का आली तेव्हा पाऊण बाजार उठला होता.
पर्समधून पाकीट, पाकिटातून नऊ नोटा.
आठ कोऱ्या.
‘झाडूवाल्यांच्या ढिगातून उचलल्या होत्या मी,
सात वर्षांची होते.
आई म्हणाली, टाक ती घाण, हात धू.
मी हात धुतले.’

झिगमोंडने आठ नोटा उजेडात धरल्या,
कोपरे पाहिले, घडी नाही, डाग नाही,
भाव सांगितला, चांगला सांगितला.
नववी उलटली आणि थांबला.
पाठीवर पेन्सिलीने, घाईत, चढती ओळ:
मीठ
पांढरा दोरा
मेणबत्ती (अर्धी चालेल)
आणि चौथं काहीतरी, नेमकं घडीवर.

‘लिहिलेलं असलं की किंमत पडते,’ तो म्हणाला,
‘खोडता येईल, पण कागदाची चकाकी जाते.’

‘आईचं आहे ते.
घरात याहून स्वस्त कागद नव्हता.’

झिगमोंडला हे ठाऊक होतं.
पुस्तकात वाचलं होतं, शंभर जणांना सांगितलंही होतं,
हसू येईल अशा बेताने.
आज तो हसण्याच्या जागी आला
आणि तिथे कुणी नव्हतं.

‘एवढ्या सामानाला तेव्हा किती पडायचे?’
त्याने उगाच विचारलं.
‘सकाळी की संध्याकाळी?’
तिने विचारलं.

जुलै होता. आई शिवणकाम करायची,
दुपारी पैसे हातात पडले की चपला हातात घेऊन पळायची,
दुकान चढाच्या टोकाला होतं.
चढ चढेपर्यंत भाव तिच्यापुढे गेलेला असायचा.
एकदा ती मिठाशिवाय आली,
पाटीवर बसली, आणि टोपलीभर पैसे
चुलीत घालून पाणी तापवलं.
‘पाणी मात्र छान तापलं,’ एतेल्का म्हणाली.
ऑगस्टच्या एक तारखेला नवं नाणं आलं.
आईने ते दातांनी चावून पाहिलं.

तिने नववी नोट भिंगाखाली सरकवली.
‘हा चौथा शब्द वाचता येतो का बघा,
तुम्हाला कागदातलं दिसतं म्हणतात.’

भिंग बदललं. दिवा तिरका केला.
नोटेतली जलचिन्हं, खोट्या शाया, एका बिंदूचा फरक
ओळखणारा माणूस
दोन अक्षरांवर वाकून राहिला.
पहिलं कदाचित ‘सा’. साबण असेल.
साखर असेल.
साखर लिहायची हिंमत तेव्हा कुणाला होती, ते त्याला माहीत नव्हतं.

‘नाही लागत,’ तो शेवटी म्हणाला.

आठांचे पैसे तिने न मोजता ठेवले.
नववी पुन्हा पाकिटात, जुन्याच घडीवर,
आणि ती निघाली, चढाच्या बाजूने, सावकाश.
तिला कुठलीच घाई नव्हती.