विंगेतली बॅटरी

बावीस वर्षं मी प्रॉम्प्टर.
बॅटरीच्या काचेवर लाल चिंधी बांधून
वडशाच्या कंपनीत, दिवाळी ते होळी,
धान कापलेल्या बांध्यांत उभारलेल्या मंचांवर
अंजिरा सहारेच्या तोंडात मी शब्द घातले.

दुसरी बायको, विधवा बहीण, फसलेली नर्स.
एका हंगामात सत्तर रात्री मेली ती.
पहाटे खोबरेल तेलानं रंग पुसत म्हणायची,
"आज जरा लवकरच मारलं जी मले."

मग सिंदेवाहीची ती रात्र.
दिवसा शंकरपट झालेला,
गर्दीला अजून बैलांच्या घामाचा वास.
तिसरा अंक. तिनं पाय धरायचे होते.
मी म्हटलं, "चुकले मी, धनी."
ती गप्प.
पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.
पहिल्या रांगेनं ऐकलं, पेटीवाल्यानं ऐकलं,
धन्यानं तर पाय पुढे केलेला.
"माही चप्पल कुठी हाय?" ती म्हणाली,
आणि मंचावरून उतरून
तणसावर बसलेल्या बायांमधून
चालत निघून गेली.
हिरो तसाच उभा. एक पाय पुढे.

मालकानं हिशेब चुकता केला. दोन हंगाम तिला तारीख नाही.
तिनं लिहिलं. राइस मिलच्या पावत्यांच्या पाठीवर,
पोराच्या तुटक्या पेन्सिलीनं, कोंड्याच्या धुळीत.
"बाई लिहिन त् तिकीट कोन काढन?"
उत्तर दिलं नाही तिनं.
म्हैस विकली, पडदे शिवले.

तालमीत हिरोला खाली बसवायची:
"भाषण कर, पन लसून सोलता सोलता."
मागून पाकळ्या मोजायची.

आणि मला म्हणाली, "भाऊ, आज बॅटरी बंद."
"विसरले त्?"
"विसरू दे."

रात्र सरत आली आणि नवी पोरगी अडकली.
वही माझ्या मांडीवर, वाक्य मला पाठ.
माझे ओठ हलले.
समोरच्या विंगेत अंजिरा
शालीत हात खुपसून माझ्याचकडे बघत होती.
दोन हजार माणसं. कुणीतरी खोकललं.
पोरीनं लोकांकडे बघितलं, विचारलं,
"किती वाजले जी?"
"साडेतीन, बाई." मागून एक म्हातारा.
"मंग उजाडाले वेळ हाय," म्हणून ती खाली बसली
आणि नाटक तिथून पुढे गेलं.

आता वहीत त्या जागी, अंजिराच्या तिरप्या अक्षरात:
वेळ विचारणे. उत्तर गाव देईल.

बॅटरी मी घरी आणली.
रात्री कोंबड्या बघायला बरी पडते.
चिंधी अजून सोडली नाही.