गळती

सॅक्सोफोनच्या नळीत मी बारका बल्ब सोडतो
आणि दुकानातला दिवा मालवतो.
जिथं पॅड नीट बसलेलं नाही
तिथून उजेड बाहेर येतो.
ग्रँट रोडच्या या जिन्याखाली
माणसं आम्हाला अशीच कळतात.

बस्त्याव किणी, मरोळ गावठाण.
बाबांच्या वहीत पहिली नोंद एकोणसाठची:
टेनर, जुना, मानेला पोचा. उधार.
तेव्हा चर्चगेटच्या हॉटेलात रात्रभर जॅझ,
आणि सकाळी, सुजल्या ओठांनी, कुणाचीही वरात.
मग स्टुडिओ.
'नायिका जिना उतरते तेवढे आठ बार माझे,' म्हणायचा.
'श्रेयनामावलीत जिन्याचं नाव नाही,
माझं कुठून येणार?'

हॉटेलात गालिच्यांचं दुकान आलं.
पुढं वहीत सात वर्षं कोरी.

जहाजावरून परतला तो
खाऱ्या हवेनं हिरव्या पडलेल्या चाव्या
आणि एक ठेका घेऊन.
किंग्स्टनच्या कुणा ड्रमरनं भटारखान्यात
पातेलं पालथं घालून शिकवलेला.
माझ्या काउंटरवर बोटं आपटून दाखवायचा:
'सम आली की गप्प बसायचं.
जन्मभर धापा टाकत समेवर पोचलो रे,
आता तिलाच जरा थांबू दे.'

पन्नाशीला रेगे!
वांद्र्यात, नातवंडं शोभतील अशा पोरांच्या मागे उभा राहून.
एकदा मरोळच्या लग्नातही वाजवलं.
लुगड्यातल्या म्हाताऱ्या आधी चुकल्या,
एकमेकींवर आदळल्या,
मग मांडव उठेपर्यंत बसल्याच नाहीत.

खालच्या बी-फ्लॅटला गळती होती.
सुराआधी नुसती हवा यायची,
कुणी दार ढकलून
आत यावं की नको असं उभं राहावं, तशी.
दर खेपेला मी म्हणायचो, बदलतो.
दर खेपेला तो, 'रावदे.'

ईस्टरनंतर त्याची फ्लोरी आली.
विकायचाय. गिऱ्हाईक पुण्याचं.
मी लाख तापवली, नवं पॅड बसवलं,
बल्ब सोडला.
गच्च काळोख.
फुंकून पाहिलं.
सूर थेट आला. स्वच्छ.
कुणाचाही.

केराच्या डब्यातून जुनं पॅड शोधलं.
चामड्यावर गोल वण, एका बाजूला फिकट.
तेच परत लावलं.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला सांगेन,
किंवा नाहीही सांगणार.
बिलात पॅडचे पैसे धरलेले नाहीत.