कापू का?

खाली बटणांचं दुकान, वर वास.
पाटीबिटी काही नाही.
पहिल्यांदा गेले ती बेकसाहेबांच्या मागून,
डिसेंबरची ऑर्डर वेळेत निघाली
म्हणून आम्हां सहाजणींना जेवण.

बसतोय तोवर बशा आल्या.
मुळा, पालक, करंगळीएवढे वाळके मासे,
लालभडक कोबी,
आणि काळ्या गोडसर रसात बटाटे.
अकरा मोजल्या. मागवलं कुणीच नव्हतं.
एल्सा कानाशी म्हणाली, हात लावू नकोस,
पगारातून कापतील.
मग आम्ही सहाजणी अकरा बशांभोवती
हात मांडीवर घेऊन,
पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारख्या.

साहेब फोनवर.

तेवढ्यात ती आली. म्हातारी, गुलाबी एप्रन,
हातात कात्री,
आणि जाळीवरचं मांस तिनं
कापलं. कचाकच.
मी अस्तर कापते तसं, रेघ न मारता.

अंगावर काटा आला माझ्या.
कात्रीनं कागदसुद्धा कापू देत नाही मी.
पोतोसीहून आणलेली माझी कात्री,
मुठीला लाल लोकर गुंडाळलेली;
एल्सानं एकदा तिनं दुधाची पिशवी फोडली,
आठवडाभर बोलले नव्हते तिच्याशी,
एका खोलीत, एका गादीवर झोपून.

दुसऱ्यांदा एकटीच गेले.
चारशे बारा खिशांचे पैसे हातात पडले होते.
मेनूतले फक्त आकडे वाचता आले,
सगळ्यात लहान आकड्यावर बोट ठेवलं.
ती म्हणाली, एकटीच?
मांस एकटीला मिळत नाही. निदान दोघं लागतात.
मी म्हटलं, मांस नकोच होतं.
खोटं बोलले.
बटाट्याची बशी मात्र रिकामी झाली की
न विचारता भरत होती.
तीनदा भरली. चौथ्यांदा मीच लाजले.
(आमच्याकडे बटाटा रात्रीच्या थंडीत गोठवून,
पायांनी तुडवून सुकवतात. हे तिला सांगायचं होतं.
पोर्तुगीज दोघींचं मोडकं,
पण वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं.)

आज फेब्रुवारी. साओ पावलो नुसतं उकडतंय.
वाडग्यात करड्या शेवया आणि वर चक्क बर्फ.
आई म्हणायची, सूप गार झालं
म्हणजे घरात भांडण झालं.
इथे मुद्दाम गार करतात.

ती पुन्हा कात्री घेऊन उभी.
कापू का?
मी बघतच राहिले.
म्हणाली, माझी सासू कापू द्यायची नाही,
शेवई लांब तर आयुष्य लांब. तुझं वय किती?
एकोणतीस.
मग नको कापू.
आणि तुम्ही?
मी कापते, म्हणाली, खूप झालं आता.
आणि हसली. पुढचे दोन दात नव्हते.

मग डावा हात पुढे केला.
पहिल्या बोटाच्या नखातून सुई आरपार गेल्याची खूण.
एकोणीस वर्षं, म्हणाली, याच गल्लीत, बाह्या.
मी माझं बोट दाखवलं.
तिची खूण पांढरी पडलेली,
माझी अजून जांभळी.

धीर करून विचारलं,
ही कात्री... कापडाची होती का?
वेडी की काय, म्हणाली.
ती घरी आहे. कपाटात, फडक्यात.
नातवालासुद्धा हात लावू देत नाही.

तेव्हा कुठे घास उतरला.

शेवया संपता संपेनात.
चावाव्यात तर तुटत नाहीत,
ओढाव्यात तर वाडग्यातून निघतच येतात,
हनुवटीवरून गार पाणी ब्लाउजवर.
भिंतीवर एक वाजून दहा.
सव्वाला मशिनी सुरू होतात.
अर्धा वाडगा अजून तसाच.

तिनं पाहिलं घड्याळाकडे, मग माझ्याकडे.
काही म्हणाली नाही.
कात्री टेबलावर ठेवून आत गेली,
पाती तिच्या बाजूला,
मूठ माझ्याकडे.