मागचा कर्नल

शनिवारी रात्री अपडेटला मीच हो म्हटलं,
गॅसवर दूध होतं, घाईत होते.
रविवारी पडदा काळा.
नुसता काळा नाही, मागून उजेड असलेला काळा.
जानेवारीच्या धुक्यात दौलतगंजच्या वळणावर
स्कूटरचा दिवा कळावा, स्कूटर दिसू नये, तसा.
कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत होती.
तेवढीच जिवंत.

बारा वर्षांचं यंत्र, एका कॉलेजच्या लिलावातलं.
घेताना बिजागरीचा एक स्क्रू नव्हता,
अजून नाही.
आतल्या ग्राफिक्स कार्डाला त्याच्या कंपनीनं
केव्हाच वाऱ्यावर सोडलंय.
नई सडकेवरचा पुष्पेंद्र म्हणतो, "मौसीजी, नया ले लो."
घेईन की. मागच्या चार नकाशांचे पैसे
मकबूलभाई ज्या महिन्यात एकदम देतील, त्या महिन्यात.

मी चंदेरीच्या बुट्ट्या काढते.
पडद्यावर चौकटी, एकेक घर भरत जायचं.
एक घर चुकलं
तर तिकडे प्राणपूरला मागावर मोराची मान मोडते.
म्हणून नुसतं दिसून भागत नाही.
तो दुसरा, फुकटचा ड्रायव्हर, नूव्हो,
स्वभावानं भला आहे,
पण मोर मोठा करून पाहिला की अडखळतो,
पंगतीत पहिल्यांदाच वाढायला उतरलेल्या पोरासारखा,
आणि हातात कढी.

खेडकरकाकू जिन्यातून डोकावल्या. "काय गं, चेहरा का असा?"
"नवा कर्नल आलाय, काकू.
जुन्या ड्रायव्हरशी त्याचं पटत नाही."
"मुरारचे का?"
त्यांच्या डोळ्यांपुढे छावणी, जीप, मिशा.
मी समजावलं नाही.
"मग आधीच्या कर्नलसाहेबांना सांग ना मध्ये पडायला."
काकूंनी संगणकाला कधी बोट लावलेलं नाही.

बंद केलं. चालू केलं. शिफ्ट दाबून धरली.
यादी आली, खाली, अजून खाली,
पाच पॉइंट पंधरा, एंटर.
आधी पंखा घरघरला,
मग निळं आलं, मग घड्याळ, मग माझे फोल्डर
जिथले तिथे.
मागचा कर्नल काही न विचारता हजर.

पण त्याच्या जिवावर किती दिवस?
बांधणीची नोंद काढून बसले. शेकडो ओळी,
चूक एकीत.
कुणीतरी आहे, त्याचं गाव मला माहीत नाही,
तो या टाकून दिलेल्या कार्डासाठी
दर नव्या कर्नलला ठिगळ शिवतो.
बारीक टाका. उसवलंय तिथेच, एक बोट इकडे नाही की तिकडे.
रफूवाल्याचं तोंड कोण बघतं?
त्याचंही यंत्र जुनंच असणार.
त्याच्याही बिजागरीत एखादी रिकामी भोक.

ठिगळ लावलं. बांधणी फसली.
पुन्हा लावलं. एका टिंबापायी फसली, टिंब माझं.
दीडला वीज गेली. बॅटरी सात मिनिटांची,
तीही तिच्या म्हणण्याप्रमाणे.
चारला आली.
सव्वाचारला नवा कर्नल आणि जुना ड्रायव्हर
एका जीपमध्ये बसले.

मग यंत्रानं, मोलकरणीनं रद्दीबद्दल विचारावं तसं, विचारलं:
हे जुने कर्नल आता लागत नाहीत, काढून टाकू?
पुढे मोठा वाय, लहान एन.
म्हणजे काही न बोलता एंटर दाबला
तर तो होकार.
एन दाबला. दोनदा पाहून दाबला.

तेवढ्यात मकबूलभाईंचा फोन.
"दीदी, मोर की चोंच किस तरफ़ है?"
"उजवीकडे," मी मराठीतच बोलून गेले, मग हिंदीत सांगितलं, दाहिनी.
फोन ठेवून फाइल उघडली.
मोर ठसठशीत, पीसन्‌पीस वेगळं,
चोच डावीकडे.