चौदा नंबर

जत्रेच्या आदल्या दिवशी गावकर वर खाणीवर आले, चौघे,
वर्कशॉपच्या दारात चपला काढून.
मी म्हटलं, अहो हे देऊळ नव्हे, आत ग्रीस सांडलंय.
तरी काढल्याच.
"रातभर तुमचा ता पीं पीं," ते म्हणाले,
"संकासुराचा बोलणा आमका ऐकाक येणा नाय.
एक रात गप करा. देवाच्या नावान."

सात डंपर, सात रिव्हर्स हॉर्न.
प्रत्येकाची एक निळी वायर, करंगळीहून बारीक.
पक्कड घेऊन मी एकेकाच्या खाली शिरलो.
सातांची मिळून वीस मिनिटं लागली.

त्या रात्री डंपर मुके मागे येत होते
आणि खालून मृदंग इतका स्वच्छ वर येत होता
की न्हानू आरोसकर, आमचा झेंडेवाला,
कड्यावर उभा राहून झेंड्याची तलवार फिरवू लागला.
केबिनमध्ये यल्लप्पा हुक्केरी खो खो हसला.
भाषा त्याला कळत नव्हती,
तलवार कळत होती.

सकाळी मी सहा वायरी जोडल्या.
चौदा नंबर तेव्हा खालच्या बेंचवर होता, टायर बदलायला.
म्हटलं, वर आला की बघू.

हे वाक्य आता माझ्याच घरी राहतं,
माझ्या ताटात जेवतं.

नवी माणसं आली की मी जमिनीवर खडूने आखायचो,
पस्तीस टनी गाडीच्या आरशात काय काय दिसत नाही:
मागे तीस फूट, बाजूला एक गाडी मावेल इतकं.
ह्या चौकटीत हत्ती उभा केला
तरी ड्रायव्हरला दिसायचा नाही, मी सांगायचो.
पोरं हसायची.
न्हानू पहिल्याच रांगेत बसलेला, त्याने विचारलं होतं,
"मगे हत्तीन काय करूचा?"
मी म्हणालो,
"ऐकायचं."

तिसऱ्या दिवशी, दुपारची पाळी. धूळ इतकी
की आपला हात आपल्यालाच परका वाटावा.
झेंड्याचं फडकं काठीवरून सुटलं होतं,
दाताखाली सुतळी धरून तो ते बांधत होता, पाठमोरा.
बेसावध नव्हता.
त्याला शिकवलं होतं तेच तो करत होता.
ऐकत होता.

चौकशीला साहेब आले. फीत लावून सगळं मोजलं,
चाक, चाकाचा माग, कड्यापासून अंतर.
कागदावर लिहिलं: मयताने दक्षता घेतली नाही.
आणि खाली, हॉर्न: नादुरुस्त.
वायर नादुरुस्त नव्हती हो.
चांगली होती. टोकाला मी टेप गुंडाळली होती,
दव लागू नये म्हणून.
सही कुठे करायची ते विचारलं
आणि केली.

यल्लप्पाचं लायसन गेलं.
पत्र्याची पेटी घेऊन निघताना
माझ्या पाठीवरून हात फिरवून गेला,
मलाच.
गावकर न्हानूच्या दारात येऊन बसले.
चपला बाहेर काढलेल्या, ओळीने.
त्या रातीचं कुणी बोललं नाही.
मीही त्यांच्यातच बसलो होतो.

आता खाण बंद आहे, खड्ड्यात हिरवं पाणी.
मी बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात.
आमचा टेम्पो मागे येताना कसलीशी धून वाजवतो,
मासे निवडणाऱ्या बायका ओरडतात, बंद कर मेल्या ती पिपाणी.
मी करत नाही. रोज सकाळी आधी ती वाजवून बघतो,
मग चहा.
जेटीला डंपरची जुनी टायरं टांगली आहेत,
होड्या त्यांना अंग घासतात.
एखादं चौदाचंही असेल.
मी नंबर वाचायला वाकत नाही.

जत्रा दरवर्षी येते.
न्हानूची बायको देवळाच्या उतरणीवर खाजं विकते,
पेट्रोमॅक्सच्या जागी आता बल्ब, वजनकाटा तोच.
काल पुडी बांधता बांधता कान देऊन म्हणाली,
"ह्या वर्सा संकासुराचो आवाज बरो ऐकाक येता, नाय?"

मी पैसे देतो.
आणि सुट्टे घ्यायच्या आधी
मागे वळून बघतो.