गुरुवार, साडेनऊ

मनगटाच्या बाहेरच्या हाडावर पहिली निळी खूण.
मग दर चार सेंटिमीटरला एक, कोपर ओलांडून
दंडावर, काखेतला वण सुरू होतो तिथवर.
टेप कातडीला टेकावी, चावू नये,
एवढंच आम्हाला शिकवलं होतं. बाकी हात शिकतात.

कोन्सेसांव चोडणहून येते, आठच्या फेरीबोटीने,
उजवा हात डाव्या हातावर घेऊन,
शेजारणीचं तान्हं सांभाळावं तसा.
रायबंदरच्या या खोलीत पंखा आहे, खाट आहे,
आणि माझी वही:
मनगटाशी डावा एकवीस, उजवा सव्वीस.
कोपरावर डावा चोवीस, उजवा एकतीस.
स्तन काढला तेव्हा काखेतल्या गाठीही गेल्या,
हातात उतरलेल्या पाण्याला परतीची वाट उरली नाही.

हे मी तिला बरंच लांबण लावून सांगत होते.
ती म्हणाली, "मानस बंद पडल्या म्हण गो."
नवरा तिचा, इनास, खाजनातल्या मानशीवर होता.
लाकडी दारं, भरतीला मिटायची, ओहोटीला उघडायची,
खांबावर कोयत्याने कोरलेल्या खुणा.
तो आधी चंद्र बघायचा, मग पाणी.
अष्टमीचं पाणी अवसेच्या पाण्याशी
ताडू नये म्हणायचा.
म्हणून तिला मला कधी पटवावं लागलं नाही
तोच वार का, तीच वेळ का,
मोजणारा हातही तोच का.

अंगठा दाबते. दहा आकडे. उचलते.
खळगा राहतो.
दोघी बघत बसतो, भरायला किती वेळ घेतो ते.
मधल्या वेळात ती मिरच्यांचा भाव सांगते.

चतुर्थीच्या सुमारास कोपराचा आकडा उतरू लागला.
साडेतीस. तीस पूर्णांक एक. एकोणतीस पूर्णांक आठ.
मी हिरव्या शाईने लिहिलं.
तिने दोदोल आणलं, केळीच्या पानात,
आणि मी ते बाकावरच्या सगळ्यांना वाटलं, तिचं नाव घेऊन.

मग नेत्रा वेळीप आली, नवीन, कॉलेजातून नुकतीच.
माझी टेप तिने पोलादी पट्टीवर पसरली, सहज.
टेप जिथे शंभर म्हणत होती
तिथे पट्टी म्हणत होती एकशे चार.

वही मागे चाळली.
डावा हातही उतरला होता, चोवीसवरून तेवीस पूर्णांक एक.
धड हाताचा रकाना कोण वाचतं?

त्या गुरुवारी उंच नळकांडं काढलं,
तोटीपर्यंत पाणी भरलं, थेंब गळायचा थांबेतो थांबले.
हळू बुडव, म्हटलं, तळाला टेकवू नको.
सांडलेलं पाणी भांड्यात, भांडं तराजूवर.
आधी डावा, मग पुन्हा भरून उजवा.
फरक नऊशे चाळीस मिलिलिटर.
जूनमध्ये नऊशे तीस होता.

सांगितलं तिला. टेप ताणली गेली होती.
हात होता तेवढाच आहे.
ती टॉवेलने एकेक बोट पुसत राहिली,
बोटांच्या बेचक्यांतूनही.
"म्हाका खबर आशिल्ली," म्हणाली.
"पोलक्याची बाही खंय फट मारता?"
मग का नाही बोललीस, मी विचारलं,
आवाज जरा चढलाच माझा.
तिने वहीकडे बोट दाखवलं,
त्या हिरव्या ओळींकडे,
आणि टॉवेलाची घडी केली.

जुनी टेप मी कापायला घेतली होती.
तिने मागून घेतली, दोडक्याचा वेल बांधायला.
"ताणता न्ही? बरी."

बोटांपासून वर पट्टा बांधायला वेळ लागतो.
अकराची बोट चुकली.
खिडकीतून धक्का दिसतो, तिथे ती उभी राहिली,
गुंडाळलेला हात खांद्याइतका वर धरून,
आणि एक स्कूटरवाला, तिने आपल्यालाच हात केला समजून,
थांबला.