मॅटिंगचा मुक्काम

पंप हाऊसच्या मागे आमचं मैदान होतं.
होतं म्हणजे, आम्ही त्याला मैदान म्हणायचो.
मेट्रोवाले कास्टिंग यार्ड म्हणाले
आणि पत्रे त्यांच्याकडे होते.
पत्र्यावर पाटी: तसदीबद्दल क्षमस्व.
चव्वेचाळीस वर्षांत समोरच्या संघाने
आमची माफी मागितली, ती ही पहिलीच.

तातडीची सभा. हजर अकरा, त्यात धड गुडघ्यांचे चार.
विषय एक: नवं मैदान.
विषय दोन: मागच्या वडापावचे पैसे.
दुसऱ्यावर दोन तास गेले.

रविवारी निघालो. डाबरेची ओम्नी,
टपावर मॅटिंग, बावीस यार्डांचा काथ्याचा अजगर.
जागा दिसली की अंथरून बघायची, हा राऊळ कप्तानाचा हट्ट.
मुलगी बघायला जाताना
अंतरपाट सोबत न्यावा, तसं.

भांडुपला शाळेचं पटांगण.
बाईंनी विचारलं, वयोगट?
राऊळ म्हणाला, पन्नासच्या आतले.
बाई बराच वेळ राऊळकडे बघत राहिल्या.

कांजूरला मिठागराकाठी जागा सपाट, देखणी.
मुकादमने स्टंप रोवला. स्टंप गेला.
दुसरा रोवला, तोही गेला.
तिसऱ्यासोबत मुकादमची चप्पल गेली.
लांबवर फ्लेमिंगो एका पायावर उभे,
आमच्या स्लिपपेक्षा सावध.

मुलुंडला स्मशानाला लागून एक तुकडा.
रखवालदार म्हणाला, खेळा, शेजाऱ्यांची तक्रार नसते.
तांडेलने पहिलाच बॉल भिंतीपलीकडे घातला.
आणायला कोणी जायचं यावर एकमत होईना.
निमकर अंपायर, वय अठ्ठ्याहत्तर, म्हणाले,
मला नका पाठवू, ते ठेवूनच घेतील.

पवईचं टर्फ म्हणजे जाळीचा पिंजरा.
तासाला अठराशे, छताला लागला तर आउट.
घाणेकरला नुसता गार्ड घ्यायलाच
दीडशेचा खर्च आला असता.

चुरी स्कोअरर. दर रविवारी वहीत नोंद:
हवामान उत्तम. नाणेफेक राऊळने जिंकली.
(कोणाविरुद्ध, ते लिहीत नाही.)
मैदान: आडवी रेघ.
अवांतर: पेट्रोल, आठशे चाळीस.
निकाल: अनिर्णित.

मग ओम्नी पासिंगला गेली
आणि मॅटिंग पाष्टेकडे आलं.
विक्रोळी, एसआरएची बिल्डिंग, चौदावा मजला.
लिफ्टमध्ये मावेना. आठ जणांनी जिन्याने चढवलं,
दर तीन मजल्यांनी ड्रिंक्स.
पाष्टेवहिनी दारातच उभ्या. म्हणाल्या, कुबट वास मारतंय,
आधी वारा लागू दे त्याला.

म्हणून कॉरिडॉरमध्ये उलगडत गेलो.
पाष्टेचं दार, शिर्सेकरांचं दार, कोणाची तरी तीनचाकी सायकल,
एक कायमचं कुलूप,
आणि फायरच्या नळापासून निघालेलं मॅटिंग
बरोबर लिफ्टच्या दाराशी संपलं.
बोटभरही कमी-जास्त नाही.

कोणी बोलेना.
घाणेकरने चपला काढल्या.
बॅट पाष्टेच्या पलंगाखाली होतीच.
मुकादमने खिशातून बॉल काढला, स्मशानात गेलेला तोच.
कधी जाऊन आणला, ते त्याने आजवर सांगितलेलं नाही.
निमकर नळाशी जाऊन उभे राहिले, हात पाठीशी.
चुरीने वही उघडली,
मैदानापुढची रेघ खोडून लिहिलं: मजला चौदा.

मुकादम आला, टाकला.
घाणेकरने चुकवला, चव्वेचाळीस वर्षांच्या सवयीने,
आणि त्याच क्षणी लिफ्ट उघडली.
कुरिअरवाला बाहेर आला, बॉल आत गेला.
दार मिटलं.
आकडा उतरू लागला. तेरा. बारा. अकरा.
पळा! तांडेल ओरडला. अरे पळा!

निमकरांनी शांतपणे बायचा हात वर केला.
लिफ्ट तळाला टेकली तेव्हा
आमचे सात झाले होते
आणि बॉल अजून वर यायचा होता.